माळढोकाचा धडा आणि माणचा माळ

उरमोडीचे आणि जिहे-कठापूर योजनेचे पाणी माण तालुक्याकडे वळले, याचा आनंद आम्हांस कोणाहूनही कमी नाही. ज्या तालुक्याने पिढ्यानपिढ्या दुष्काळ आणि चारा-छावण्याच पाहिल्या, त्याच्या दारी हे पाणी यावे, हा निव्वळ न्याय आहे. परंतु पाणी आले की माळ जातो, असा शेजारच्या सोलापूर जिल्ह्याचा अनुभव आहे. आणि माळाबरोबर आणखी काय जाते, हे पाहावयाचे असल्यास नान्नजपर्यंत जावे.

सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र किती असावे? ८,४९६ चौरस किलोमीटर! गावे, बाजारपेठा, रस्ते, खाजगी शेते, सारे त्यात आले. शेतकऱ्याचे जमिनीचे व्यवहार अडले आणि ज्या पक्ष्याला त्याने आजवर कधी हाकलले नव्हते, तोच त्याला वैरी वाटू लागला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तथापि पक्षी कागदावरच्या रेषेत अंडी घालीत नाही. त्याला हवा असलेला गवताळ माळ मूळच्या विस्तारातही तुकड्यातुकड्यांनीच होता. त्या तुकड्यांभोवती उजनीच्या पाण्यावर ऊस व द्राक्षे उभी राहिली. आणि खुद्द माळावर वृक्षारोपणाच्या उत्साहात गिरिपुष्प व सुबाभूळ लावण्यात आली. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि दूरवर दृष्टी ठेवून शत्रूला ओळखते. तिच्या भोवती झाडे लावणे म्हणजे कावळ्याला टेहळणीचा बुरूज बांधून देणे होय. परिणाम सर्वांसमोर आहे. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आत उरले आहेत, आणि महाराष्ट्रात तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

आम्ही एके काळी शाळामास्तर होतो, म्हणून एक साधे गणित मांडतो. दहा किलोमीटर बाजूचा चौरस माळ घ्या. कुत्री, मुंगूस व कावळे काठापासून एक किलोमीटर आत येतात असे धरले, तरी मध्ये चौसष्ट चौरस किलोमीटर निर्धोक जागा उरते. आता त्याच शंभर चौरस किलोमीटरचे दोन-दोन किलोमीटर बाजूचे पंचवीस तुकडे करून ते दूरदूर ठेवा. निर्धोक जागा उरते शून्य! क्षेत्रफळ तेवढेच, घरटे मात्र एकही सुरक्षित नाही. कचेरीतील आकडे शंभरच सांगतील.

माणच्या माळावर आज धाविक, माळटिटवी, चंडोल आणि पखुर्डी हे सारे जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी आहेत. पण सरकारी भाषेत अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात आणि पडीक जमीन दिसली की कोणाला तरी तेथे चर खणावेसे, रोपे लावावीशी किंवा पवनचक्की उभारावीशी वाटते. माणसाला पाणी नसताना पक्ष्यांची चिंता कसली, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु कालव्याच्या रेषेच्या वरचा जो माळ आहे, तेथे पाणी चढणारच नाही. तेथील गवत हीच त्याची दौलत आहे, आणि त्या गवतावर धनगराची मेंढरे व हे पक्षी आजवर एकत्रच नांदले. माळ नांगरला तर दोघेही उठतील.

म्हणून आमची मागणी मोठ्या अभयारण्याची नाही. नान्नजची चूक पुन्हा नको. गायराने व वनखात्याच्या जमिनी जेथे एकमेकींना लागून आहेत, तेथील सलग माळ आताच निश्चित करावा. त्यावर झाडे लावू नयेत, खांब व तारा त्यावरून नेऊ नयेत. मेंढरांना बंदी न करता, घरट्यांच्या महिन्यांत चराईची जागा आळीपाळीने बदलावी. ती कशी बदलावी, हे धनगरास साहेबापेक्षा अधिक कळते. जूनच्या रोपांसाठी खड्डे उन्हाळ्यातच खणले जातात. तेव्हा वनखात्याने ही पाहणी त्यापूर्वीच, ग्रामसभांना विचारून आणि गावोगावच्या मेंढपाळांस बरोबर घेऊन पुरी करावी.