बॅटरीत पाणी कोण टाकणार?

सरकारी दवाखाना, जिल्हा परिषदेची शाळा किंवा ग्रामपंचायत यांच्यासाठी इन्व्हर्टर घेतात तेव्हा कागदावर सगळं असतं. किती व्हीए, किती अँपिअर-अवर, वॉरंटी किती महिन्यांची, ट्रॉली सोबत की वेगळी. ती बॅटरी पुढची पाच वर्षं कोण बघणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडशाला, माझं बॅटरीचं दुकान आहे. आरमोरी, कुरखेडा, पार कोरचीपर्यंत बॅटऱ्या बसवायला आणि बिघडलेल्या बघायला मी जातो. बॅटरी लवकर बसली तर माझी विक्री वाढते, तरीही सांगतो: या भागातल्या सरकारी जागांतल्या बहुतेक बॅटऱ्या वय होण्याआधीच संपतात आणि त्यामागे चांगल्या-वाईट कंपनीचा प्रश्न फार थोडा असतो.

गेल्या पावसाळ्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो होतो. "लाईन गेली का दहा मिनिटांतच पीं पीं करते हा, भाऊ. बाळंतपणाच्या टायमाला मोबाईलची बॅटरी लावा लागते," सिस्टर सांगत होत्या. जिन्याखालच्या कोपऱ्यात दोन बॅटऱ्या, 24 व्होल्टची जोडणी. एक तीन वर्षं जुनी, दुसरी आदल्या वर्षी बदललेली. जुनीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर इतका चढलेला, की बोल्ट दिसत नव्हता. पाण्याची पातळी दाखवणारे सहाही फ्लोट लाल खुणेच्या खाली बसलेले. झाकणं काढली तर चार घरांत प्लेटा उघड्या पडलेल्या. उरलेल्या दोन घरांत आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला, एकात 1.150, दुसऱ्यात 1.110. पूर्ण चार्ज असलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत तो 1.240 च्या आसपास दाखवतो. पाणी कधी टाकलं होतं, असं विचारलं. सिस्टरनी परिचराकडे पाहिलं, परिचराने माझ्याकडे. "ते तुमच्यावालं काम नाही का?"

त्या परिचराला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बॅटरी पुरवणारा ठेकेदार बसवून, फोटो काढून, बिल घेऊन गेला. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद झाली. त्यानंतर ती बॅटरी कोणाचीच नव्हती.

लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना तिच्यातल्या पाण्याचा काही भाग हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो. आम्ल तिथेच राहतं. म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, आम्ल कधीच नाही. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात लोह असतं. ते बॅटरीत गेलं की दोन्ही बाजूंच्या प्लेटांमध्ये ये-जा करत चार्ज आतल्या आत उतरवत राहतं, काही लावलेलं नसतानाही. आरओचं पाणी प्यायला चांगलं, पण तेही डिस्टिल्ड नव्हे, क्षार त्यातही उरतात. पाणी चार्ज झाल्यावर टाकावं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतकं आधी टाकून मग चार्ज करावं. प्लेट एकदा उघडी पडून वाळली, की तेवढा भाग कायमचा गेला. नंतर कितीही पाणी घाला, तो परत येत नाही. बॅटरी पंधरा हजारांच्या घरातली आणि हे पाणी लिटरला काही रुपयांचं. हा हिशोब मांडला, की समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या वर्षी फ्लोट पुन्हा खालीच असतात, कारण पाणी विकत आणणारा आणि टाकणारा माणूस ठरलेला नसतो.

त्या केंद्रात दुसरीही एक गोष्ट होती, जी मला जवळपास प्रत्येक सरकारी जागेत दिसते. दोनपैकी एक बॅटरी बसली म्हणून तेवढीच बदलली होती. एका ओळीत जोडलेल्या दोन बॅटऱ्यांतून करंट सारखाच जातो आणि चार्जर दोघींचं मिळून व्होल्टेज बघतो. कोणती जुनी, कोणती नवी, हे त्याला कळत नाही. एकीला जास्त चार्ज मिळतो, दुसरी अर्धवट राहते. पैसे वाचवायला एक घेतली, आणि वर्षाच्या आत नवीनही जुनीसारखी वागू लागली. जोडी बदलायची तर जोडीनेच, एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची, जवळपास एकाच महिन्यात बनलेली.

बॅटरी घेतानाचा गोंधळ 150 अँपिअर-अवर या आकड्यापासून सुरू होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हा आकडा बहुधा सी-20 या मापाने दिलेला असतो. म्हणजे साडेसात अँपिअरने सावकाश घेतलं तर ती वीस तास देईल. तेच झपाट्याने घेतलं तर 150 मिळत नाहीत. बाळाला ऊब देणारा वॉर्मर सहाशे वॅटच्या आसपास ओढतो. 24 व्होल्टवर, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरून, तीस अँपिअर. कागदावर पाच तास दिसतात, नव्या बॅटऱ्या असल्या तरी प्रत्यक्षात साडेतीन-चार, आणि दर वेळी तळापर्यंत उतरवल्या तर त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्या केंद्रात वॉर्मर, लॅबचा फ्रीज आणि चार पंखे एकाच जोडणीवर होते. बॅटरी निवडायच्या आधी लाईन गेल्यावर काय चाललंच पाहिजे, हे डॉक्टरांनी आणि सिस्टरनी बसून ठरवावं: प्रसूतिगृहातला दिवा, सक्शन मशीन, वॉर्मर. बाकीची वायरिंग वेगळी करावी. हे काम एका वायरमनचं, एका दिवसाचं आहे. पण 'जेम' पोर्टलवर खरेदी करणाऱ्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बाबूला त्या खोलीत काय लावलंय हे माहीत नसतं, तो मागच्या वर्षीचाच आकडा पुढे टाकतो.

दुकानात आलेल्या माणसाला मी दोन गोष्टी बघायला सांगतो. पहिली, वजन. 150 ची चांगली उंच ट्यूब्युलर बॅटरी आम्लासह पन्नास-साठ किलोची असते. आत शिसं कमी असेल तर स्टिकर काहीही म्हणो, काटा खरं सांगतो. दुसरी, बनल्याची तारीख. गोदामात वर्षभर चार्ज न होता पडलेली बॅटरी नवी नसते. वॉरंटीचं कार्डही नीट वाचावं: 'साठ महिने' लिहिलेलं असतं, पण त्यातले पहिले छत्तीसच पूर्ण बदलून मिळण्याचे असू शकतात, पुढच्या महिन्यांत फक्त किमतीत सूट मिळते.

आमच्या भागाचा स्वतःचा एक त्रास आहे. पावसाळ्यात जंगलातून आलेल्या तारांवर झाड पडतं, लाईन रात्रभर जाते, कधी दोन दिवस. पूर्ण उतरलेली 150 ची बॅटरी पंधरा अँपिअरच्या चार्जरने भरायला दहा-बारा तास लागतात. तेवढा वेळ लाईन टिकत नाही, टिकली तरी व्होल्टेज इतकं कमी असतं, की कितीतरी इन्व्हर्टर चार्जिंग सुरूच करत नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बॅटरी अर्धपोटीच राहते. अशा वेळी प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात, ते टणक झाले की चार्जिंगने विरघळत नाहीत. लोक म्हणतात बॅटरी पावसात खराब झाली. ती उपासमारीने खराब होते. म्हणून या भागात इन्व्हर्टर निवडताना तो किती कमी व्होल्टेजवर चार्ज करतो आणि चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या निदान दहा टक्के आहे का, हे बॅटरीच्या नावाआधी विचारावं. जिथे छप्पर आहे तिथे सौर पॅनेल जोडता आलं तर पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसाचं थोडं ऊनही कामी येतं.

मग येतो मे. बॅटरीची क्षमता मोजतात 27 अंशांवर. आमच्याकडे सावलीत 45 होतात आणि बॅटऱ्या पत्र्याखाली नाहीतर जिन्याखालच्या बंद कोपऱ्यात असतात. तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला जुना अनुभव आहे. बंद कोपऱ्याचा धोका आणखी वेगळा. चार्ज होताना निघालेला हायड्रोजन साचतो आणि हवेत चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटू शकतो. त्या कोपऱ्यात देव्हारा आणि उदबत्ती मी पाहिली आहे. ती तिथून हलवाच.

हे सगळं ऐकून अधिकारी म्हणतात, मग 'मेंटेनन्स फ्री' घेऊ. सीलबंद बॅटरीत पाणी टाकावं लागत नाही, पण टाकताही येत नाही, आणि आमच्या उन्हात आटलेलं पाणी परत भरायची सोयच नसणं हा तोटा आहे. मला ती इथे पटत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचं वेगळं. ती हलकी, लवकर भरणारी, अर्धवट चार्ज राहिली तरी न कुरकुरणारी, आणि हजारो वेळा चार्ज होते. महाग आहे, आणि इन्व्हर्टरमध्ये तिचं सेटिंग असावं लागतं. दूरच्या उपकेंद्रासाठी मी आज तीच सुचवेन, पण एका अटीवर: तिच्या आतलं सर्किट बिघडलं तर जिल्ह्यात दुरुस्त करणारा माणूस असल्याचं पुरवठादाराने करारात लिहून द्यावं. तसा माणूस नसेल, तर साधी उंच ट्यूब्युलर आणि वेळेवर पाणी टाकणारा परिचर हीच जोडी माझ्या मते सगळ्यात भरवशाची.

बसलेल्या बॅटऱ्यांचं काय होतं हेही सांगायला हवं. निर्लेखनाचा कागद वर्षानुवर्षं हलत नाही, तोवर त्या स्टोअरच्या कोपऱ्यात आम्ल गाळत पडतात. नाहीतर कोणी भंगारवाल्याला देतो, तो आम्ल नाल्यात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतं कोणीतरी. त्या धुरातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त बाधतं. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवीन खरेदीच्या अटींतच जुनी परत घेऊन तिची पावती देणं घातलं, तर कोपरा मोकळा होईल आणि नालाही वाचेल.

कोरचीच्या पलीकडे छत्तीसगड सुरू होतं. तिथल्या 'क्रेडा' या सरकारी संस्थेने पाचशेहून जास्त प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवल्या, आणि देखभालीसाठी तंत्रज्ञांची साखळीही उभी केली. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या राज्याला हे जमतं, तर इथे न जमण्याचं कारण मला दिसत नाही. तालुक्याला एक प्रशिक्षित माणूस, हातात हायड्रोमीटर आणि मल्टिमीटर, दर दोन महिन्यांनी एक फेरी, आणि भिंतीवर तक्ता: तारीख, प्रत्येक घराचं रीडिंग, टाकलेलं पाणी, सही. एखादं घर बाकीच्यांपेक्षा 0.030 ने मागे पडू लागलं, की तो तक्ता बॅटरी बसण्याच्या कितीतरी आधी सांगतो. दोन फेऱ्यांच्या मधलं पाणी बघणं परिचराच्या कामात लेखी घालावं आणि एकदा त्याच्यासमोर करून दाखवावं.

पैशाचं कारण सांगू नये. आरोग्य केंद्राकडे अबंधित निधी असतो, त्याच्या खर्चावर देखरेखीला रुग्ण कल्याण समिती असते. त्या समितीवर आमच्याच गावांतले लोक बसतात. तुम्ही त्यांपैकी असाल, तर पुढच्या बैठकीत विचारा: बॅटरीत शेवटचं पाणी कोणत्या तारखेला टाकलं आणि कोणी टाकलं. सहीनिशी उत्तर मिळालं नाही, तर नव्या बॅटरीला मंजुरी देताना त्याच ठरावात ती बघणाऱ्या माणसाचं नावही लिहून घ्या.