अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल आणि थरथरणारे हात

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर, म्हणजे एकाच गोळीत दोन किंवा अधिक औषधे असलेल्या उत्पादनांवर बंदी घातली. चर्चा झाली ती मुख्यतः ताप, सर्दी आणि अंगदुखीच्या गोळ्यांची. मेंदूच्या डॉक्टरांना ज्या जोडीची जास्त काळजी वाटते, ती मात्र मेडिकलमध्ये आजही सर्रास मिळते. रॅबेप्रॅझोल किंवा पॅन्टोप्रॅझोलसोबत लेव्होसल्पिराइड.

यातले पहिले औषध पोटातले आम्ल कमी करते. दुसरे मनोविकारांवरच्या औषधांच्या कुळातले आहे. ते डोपामिन या रसायनाला अडवते, त्यामुळे जठर लवकर रिकामे होते आणि पोट फुगल्यासारखे वाटणे कमी होते. पण हेच डोपामिन मेंदूत हालचालींवर ताबा ठेवते. तिथेही अडथळा आला की काही आठवडे ते महिन्यांत चाल मंदावते, हात थरथरतात, अंग ताठते, चेहरा निर्विकार होतो. हुबेहूब कंपवात! धोका वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना अधिक.

खऱ्या कंपवाताची सुरुवात बहुधा एका हातापासून होते. औषधाने आलेला त्रास बऱ्याचदा दोन्ही बाजूंना आणि झपाट्याने वाढतो. हा फरक नेहमीच स्पष्ट नसतो. म्हणून तपासण्यांच्या आधी गोळ्यांची पिशवी उघडायला हवी. 'मी फक्त गॅसची गोळी घेते,' असे सांगणाऱ्या आजींच्या पिशवीतच उत्तर सापडते. ते न पाहता कंपवाताची गोळी सुरू केली तर फायदा फारसा होत नाही आणि यादी मात्र वाढते. चक्करेसाठी वर्षानुवर्षे चालू ठेवलेले प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन आणि अर्धशिशीसाठीचे फ्लुनारिझिन हीदेखील याच यादीतली नावे.

दुसरे चित्र अगदी वेगळे. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड घेतलेल्या तरुण मुलीची मान दुसऱ्या दिवशी अचानक एका बाजूला वळते, डोळे वर लागतात, जबडा आवळतो. घरच्यांना ती फिट वाटते, कुणाला बाहेरची बाधा. पण ती पूर्ण शुद्धीवर असते, बोललेले तिला कळते. प्रोमेथाझिनसारखे इंजेक्शन दिल्यावर बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. याच औषधावर अमेरिकेने २००९ मध्ये सर्वात कडक इशारा छापायला लावला: १२ आठवड्यांपेक्षा जास्त नको. युरोपने २०१३ मध्ये मर्यादा पाच दिवसांवर आणली. लेव्होसल्पिराइडला तर अमेरिकेत कधी मान्यताच नव्हती. आपल्याकडे ते चिठ्ठीवरच मिळायला हवे, पण जुनी रिकामी स्ट्रिप दाखवली की नवी हातात पडते. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. दोन आठवड्यांसाठी लिहिलेली कॅप्सूल तीन वर्षे चालते आणि ती थांबवायला कुणी सांगतच नाही.

तिसरा प्रकार उशिरा येतो आणि चिवट असतो. ओठ सतत हलतात, तोंड चघळल्यासारखे चालते, जीभ आत-बाहेर होते. दातांची कवळी नीट बसत नसेल, असे समजून लोक आधी दंतवैद्याकडे जातात. कधीकधी औषध बंद केल्यावरच हे जास्त उघडे पडते. त्यासाठी टेट्राबेनाझिन वापरतात, मात्र त्याने उदासी येऊ शकते, त्यावर लक्ष ठेवावे लागते. थरथरीसाठी दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी या प्रकारात उलट त्रास वाढवू शकते.

कंपवातासारख्या प्रकारात मुख्य उपचार म्हणजे कारण असलेले औषध थांबवणे. बहुतेकांना काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत आराम पडतो. काहींमध्ये लक्षणे टिकतात. त्यांच्यात कंपवात आधीच दबा धरून बसलेला असू शकतो. मनोविकाराची औषधे मात्र कुणीही आपल्या मनाने बंद करू नयेत, आजार उलटू शकतो. तिथे मात्रा किंवा औषध बदलण्याचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा.

अशा दुष्परिणामाची नोंद रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. फोन करताना स्ट्रिप जवळ ठेवा, बॅच क्रमांक तिच्यावरच असतो.