पडत्या दाण्याचा हिशेब
डाळ मिलमधल्या सॉर्टेक्स यंत्रात दाणे घसरणीवरून पडत असतानाच कॅमेरा त्यांना टिपतो आणि खराब दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवला जातो. दाण्याचा वेग सेकंदाला 3 मीटर आणि कॅमेऱ्यापासून झोतापर्यंतचे अंतर 3 सेंटिमीटर धरले, तर निर्णयाला उरतात जेमतेम 10 मिलिसेकंद. त्यामुळे हार्डवेअर निवडताना सरासरी वेग नव्हे, जास्तीत जास्त उशीर किती होईल ते पाहावे. साध्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम क्षणभर दुसऱ्या कामात गुंतली, की दाणा निसटलाच. माहितीचा ओघही आधीच मोजावा. कॅमेऱ्याने 2048 पिक्सेलची रंगीत ओळ सेकंदाला 20,000 वेळा टिपली, तर दर सेकंदाला सुमारे 123 मेगाबाइट जमतात. गिगाबिट इथरनेटची कागदावरची कमाल मर्यादाच 125, म्हणजे प्रत्यक्षात ती अपुरी पडते. राहिला प्रश्न चिपचा. एफपीजीए, म्हणजे आतली रचना हवी तशी ठरवता येणारी चिप, पिक्सेल येतील तसे तपासत जाते, तिचा उशीर अत्यल्प आणि मुख्य म्हणजे ठरलेला असतो. तिच्यासाठी रचना लिहिणे मात्र किचकट. जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर, न्यूरल नेटवर्कला उत्तम, पण चित्र त्याच्या मेमरीत नेण्यातच वेळ जातो. केवळ रंगावरून निवड करायची असेल, तर एफपीजीएच घ्यावी.