डेरीने जिंकलेला चषक

खेळात राजकारण आणू नये, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, असे विचारावेसे कुणालाच वाटत नाही. बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे ते म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो आणि चहाला जातो. मला मात्र हे वाक्य पटत नाही. राजकारण खेळात कुणी आणावे लागत नाही, ते आधीच येऊन बसलेले असते. मैदान कुणाच्या हद्दीत, संघाची नोंदणी कुठल्या संघटनेकडे, गावाचे नाव फलकावर कसे लिहायचे, हे सगळे राजकारणच आहे. ते बसलेले असतानाही खेळ चालू कसा ठेवायचा, हा खरा प्रश्न. आयर्लंडमध्ये झालेल्या फुटबॉलच्या एका अंतिम सामन्यात या प्रश्नाचे एक उत्तर आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

सामना १९८९ सालचा. डब्लिन शहरातले डॅलिमाउंट पार्क हे मैदान, तारीख ३० एप्रिल, वार रविवार. आयरिश प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय चषकासाठी, म्हणजे एफ. ए. आय. चषकासाठी, डेरी सिटी आणि कॉर्क सिटी हे दोन क्लब समोरासमोर उभे होते. गोल कुणाचाच झाला नाही. तेव्हाच्या रीतीप्रमाणे पुढच्या रविवारी, ७ मे रोजी, फेरसामना झाला. त्यात फेलिक्स हीलीने एक गोल केला आणि त्या एका गोलावर डेरीने चषक जिंकला. त्या हंगामात लीगचे विजेतेपद आणि लीग कप त्यांनी आधीच घेतले होते. तिन्ही मुकुट एकाच वर्षी!

यात नवल ते काय? नवल हे की डेरी हे शहर त्या देशात नाहीच. ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये आहे. प्रजासत्ताकाची हद्द शहरापासून हाकेच्या अंतरावर, पण मधे आंतरराष्ट्रीय सीमा. एका देशातल्या क्लबने दुसऱ्या देशाचा राष्ट्रीय चषक जिंकून घरी नेला आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

या शहराला नावेही दोन आहेत. डेरी म्हणणारा एका बाजूचा, लंडनडेरी म्हणणारा दुसऱ्या बाजूचा. तोंडातून नाव निघाले की माणूस कुठला ते कळते. आपल्या गावाचे नाव पाटीपाटीवर वेगळे वाचत वाढलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

आयर्लंडची फाळणी १९२१ साली झाली आणि फुटबॉलचीही त्याच वर्षी झाली. आधी साऱ्या बेटाची संघटना एकच होती, बेलफास्टची. त्या वर्षी आयरिश कपच्या उपांत्य सामन्यात डब्लिनचा शेलबोर्न क्लब बेलफास्टमध्ये बरोबरीत खेळला. फेरसामना डब्लिनला व्हावा अशी त्यांची अपेक्षा होती, पण तो पुन्हा बेलफास्टलाच ठेवला गेला. शेलबोर्नने जायचे नाकारले. असंतोष आधीपासून साचलेला होता, हे निमित्त झाले आणि डब्लिनने आपली वेगळी संघटना काढली. पण माणसे संघटनांइतक्या चटकन वेगळी होत नाहीत. १९२३ साली डब्लिनचा हा नवा चषक कुणी जिंकला? बेलफास्टच्या ऑल्टन युनायटेडने, आणि तोही शेलबोर्नला हरवून.

डेरी सिटी हा क्लब १९२८ सालचा, अर्थातच उत्तरेच्या लीगमधला. तिथे त्याने तीनदा आयरिश कप जिंकला आणि १९६५ साली लीगही जिंकली. पुढे उत्तर आयर्लंडमध्ये यादवी भडकली. क्लबचे ब्रँडीवेल हे मैदान बॉगसाइड वस्तीला लागून, म्हणजे दंगलीच्या ऐन तोंडावर. सप्टेंबर १९७१ मध्ये सामन्याच्या दिवशी पाहुण्या बॅलिमीना संघाची बस पळवून जाळण्यात आली. त्यानंतर डेरीला ‘घरचे’ सामने तीस मैलांवरच्या कोलरेनला खेळावे लागले. त्या काळात घरचा प्रेक्षक तिथवर जाणार कसा? गल्ल्यात पैसे येईनात. वर्षभराने सुरक्षा दलांनी मैदानावरची हरकत मागे घेतली, पण लीगमधल्या क्लबांनी मतदान करून डेरीला ब्रँडीवेलवर परतू दिले नाही. मते पडली सहा विरुद्ध पाच. एका मताने! ऑक्टोबर १९७२ मध्ये डेरी सिटी लीगमधून बाहेर पडली. पुढची तेरा वर्षे क्लब नावाला जिवंत होता, किरकोळ स्पर्धांत खेळत होता. परत घ्या म्हणून अर्ज गेले आणि नाकारले गेले.

तेरा वर्षे हा आकडा वाचताना छोटा वाटतो. १९७२ साली जो मुलगा सात वर्षांचा होता, तो १९८५ साली वीस वर्षांचा झाला. आज मी आहे तेवढा. त्याने आपल्या गावच्या मैदानावर आपल्या गावच्या संघाचा पहिल्या दर्जाचा एकही सामना पाहिलेला नव्हता. नुकसान झाले ते या मुलाचे. मतदान करणाऱ्यांचे काय गेले?

अखेर क्लबच्या चार जुन्या खेळाडूंनी हे काम अंगावर घेतले. टेरी हार्किन, टोनी ओडोहर्टी, एमन मॅकलॉक्लिन आणि एडी मेहन ही त्यांची नावे. शहर कुणाचे, या वादाला त्यांनी हात घातला नाही. येत्या हंगामात खेळायचे कुठे, एवढेच त्यांनी विचारले. बेलफास्ट घेत नाही तर डब्लिन घेईल का? त्यासाठी डब्लिनची संमती हवी होती, बेलफास्टच्या संघटनेचीही हवी होती आणि वर ‘फिफा’चीही. एकेक संमती मिळत गेली. डब्लिनच्या लीगने नेमकी त्याच वर्षी दुसरी श्रेणी सुरू केली होती, तिच्यात डेरीला जागा मिळाली. ८ सप्टेंबर १९८५ रोजी ब्रँडीवेलवर पुन्हा सामना झाला. होम फार्मला ३–१ असे हरवून डेरीने सुरुवात केली. पोलिसांना त्या वस्तीत पाऊल टाकणे अवघड होते म्हणून मैदानाचा बंदोबस्त क्लबच्या स्वयंसेवकांनी पाहिला. दोन हंगामांत क्लब वरच्या श्रेणीत गेला आणि आणखी दोन वर्षांत तिन्ही मुकुट.

हा इतिहास मी आमच्या वर्गातल्या, कन्नड विभागात लिहिणाऱ्या मित्राला सांगितला. तो म्हणाला, “अरे, ही तर शरणागती झाली! बेलफास्टने दार लावले, यांनी शेजाऱ्याचे ठोठावले. हक्क कुठे मिळाला?” आक्षेप खोटा नाही. १९७२ चे ते मत कधीच फिरवले गेले नाही. उत्तरेच्या लीगमध्ये डेरी आजही नाही, आणि तिथल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी होणारे सामने कायमचे गेले. ही किंमत थोडी नव्हे. पण मित्र ज्याला हक्क म्हणतो, त्याची वाट पाहत आणखी एक पिढी मैदानाबाहेर बसवायची का? मागल्या वर्षी आमच्या गावच्या पोरांनी हद्दीपलीकडच्या एका कबड्डी स्पर्धेला नाव दिले, तेव्हा ‘बाहेरचा संघ’ म्हणून ते परत आले. अंतर अकरा किलोमीटर. आयोजकांशी वाद घालण्यात दोन आठवडे गेले, तोवर हंगामच संपला. त्यातल्या एकालाही मी ‘थांब, आधी हक्काचे ठरू दे’ असे सांगू शकत नाही.

या विजयाला सीमा पुसली गेल्याचा पुरावा मानणारेही पुष्कळ आहेत. तेही मला मान्य नाही. सीमा जिथे होती तिथेच राहिली. तो गोल करणारा फेलिक्स हीली डेरीचाच, पण १९८२ च्या विश्वचषकात तो उत्तर आयर्लंडच्या चमूत होता. व्यवस्थापक जिम मॅकलॉक्लिनही डेरीचा आणि उत्तर आयर्लंडकडून खेळलेला. या माणसांनी आपली एक ओळख पुसून दुसरी लावली नाही. दोन्ही बरोबर घेऊन ती खेळली.

आता थोडे कॉर्कविषयी, कारण पराभूत संघाबद्दल कुणी लिहीत नाही. कॉर्क हे बेटाच्या दक्षिण टोकाचे शहर. १९८९ साली कॉर्क सिटी क्लब अवघा पाच वर्षांचा होता. त्याआधी कॉर्क हायबर्नियन्स १९७६ साली बंद पडला, कॉर्क सेल्टिक १९७९ साली गेला, कॉर्क युनायटेड १९८२ साली. त्यानंतर दोन वर्षे एवढ्या मोठ्या शहराला लीगमध्ये संघच नव्हता. तिथे बस जळली नव्हती की दंगल झाली नव्हती, जमाखर्च जुळत नव्हता. म्हणजे त्या रविवारी मैदानावर संघाविना राहिलेली दोन शहरे उभी होती, एक राजकारणाने मारलेले आणि दुसरे ताळेबंदाने. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला दुसऱ्याबद्दल अधिक वाटते, कारण त्या मरणावर कुणी गाणी रचत नाही. हरलेल्या कॉर्कलाही एक लाभ झाला. डेरी लीगविजेता म्हणून युरोपियन कपला पात्र होती, त्यामुळे चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेतली जागा कॉर्कला मिळाली.

डेरीवरही ताळेबंदाची पाळी आलीच. २००९ साली उघड झाले की खेळाडूंशी अधिकृत कराराखेरीज दुसरे, न दाखवलेले करारही क्लबने केले होते. क्लबांनी उत्पन्नाच्या ठरावीक प्रमाणातच पगार द्यावा, असा लीगचा नियम होता आणि तो मोडला गेला होता. डब्लिनच्या संघटनेने डेरीला लीगमधून काढून टाकले. नवी कंपनी स्थापून २०१० साली क्लबला खालच्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करावी लागली. मला या प्रकरणात एक समाधान वाटते, विचित्र वाटले तरी सांगतो. १९७२ साली डेरी बाहेर गेली ती ती कुठली आहे यामुळे. २००९ साली गेली ती तिने केले काय यामुळे. पाहुणा म्हणून कुणी सांभाळून घेतले नाही आणि परका म्हणून वेगळी शिक्षाही दिली नाही. जो नियम डब्लिनच्या क्लबला, तोच डेरीला. खालची श्रेणी एका वर्षात जिंकून ती वर आली आणि २०१२ साली पुन्हा चषक घेतला.

सहावा चषक १३ नोव्हेंबर २०२२ चा. डब्लिनच्या अवीवा स्टेडियमवर डेरीने शेलबोर्नचा ४–० असा पराभव केला. होय, तोच शेलबोर्न, जो १९२१ साली बेलफास्टला गेला नव्हता. उत्तरेचे लोक त्यानंतर वारंवार त्याच्या दारात येऊन चषक घेऊन जातात, याला त्याचा तरी काय इलाज?

डेरीहून डब्लिनला जाणारा मोठा रस्ता ऑगनाक्लॉय गावापाशी सीमा ओलांडतो. १९८९ साली तिथे ब्रिटिश सैन्याची चौकी होती. आदल्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १९८८ रोजी, एडन मॅकअनेस्पी हा तरुण ती चौकी ओलांडून गावच्या गेलिक फुटबॉलच्या मैदानाकडे चालत निघाला होता. चौकीतून सुटलेल्या गोळीने तो मेला. त्या सैनिकाला न्यायालयाने दोषी ठरवले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, डेरीच्या सहाव्या चषकानंतर दोन आठवड्यांच्या आत. चौकी आता नाही. त्या रस्त्याने डब्लिनकडून डेरीकडे जाताना किलोमीटरच्या पाट्या संपतात आणि मैलांच्या सुरू होतात, त्यावरून देश बदलल्याचे कळते.