समतेच्या नावाने भाषेची गळचेपी

एखादी भाषा संपवायची, तर ती बोलणाऱ्या मुलाला तिची लाज वाटेल अशी व्यवस्था शाळेत केली की पुरे. फ्रान्सच्या पश्चिम टोकावरील ब्रिटनी प्रांतात हेच घडले. ब्रेटन बोलताना सापडलेल्या विद्यार्थ्याच्या गळ्यात लाकडी जोडा लटकवायचा आणि त्याने दुसरा 'गुन्हेगार' पकडून देऊन आपली सुटका करून घ्यायची, ही शिक्षा तेथील शाळांत विसाव्या शतकातही चालू होती. शतकाच्या प्रारंभी सुमारे दहा लाख लोकांच्या तोंडी असलेली ही भाषा २०२४च्या पाहणीत लाखाच्या आसपास लोकांपुरती उरली आहे. त्यांतील बहुसंख्य उतारवयाचे आहेत.

या ऱ्हासाला कायद्याने बांध घालण्याचा प्रयत्न पॉल मोलाक यांनी केला. मोलाक हे व्यवसायाने शिक्षक, ब्रेटन चळवळीतील जुने कार्यकर्ते आणि २०१२पासून मोर्बियाँ जिल्ह्यातून निवडून आलेले खासदार. प्रादेशिक भाषांच्या संरक्षणाचे त्यांचे विधेयक ८ एप्रिल २०२१ रोजी २४७ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाले. सरकारी शाळांतूनही प्रादेशिक भाषेच्या माध्यमातून शिक्षण देता यावे, ही त्यातील कळीची तरतूद होती. शिक्षणमंत्र्यांचा तिला विरोध होता. मग साठाहून अधिक खासदारांनी घटना परिषदेकडे धाव घेतली. त्यांची तक्रार शाळांच्या खर्चाविषयीच्या एका कलमापुरती होती. ते कलम परिषदेने वैध ठरवले. मात्र माध्यमाची तरतूद आपण होऊन तपासायला घेतली आणि २१ मे २०२१ रोजी घटनाबाह्य ठरवली. ब्रेटन नावांतील 'न'वरची नागमोडी रेघ जन्मनोंदणीत उमटू देणारे कलमही त्याच निर्णयाने रद्द झाले. एका रेघेने प्रजासत्ताक डळमळते, असा याचा अर्थ समजायचा काय?

आधार दाखवला गेला तो घटनेच्या कलम २चा : प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. हे वाक्य घटनेत १९९२ साली घातले गेले, तेव्हा इंग्रजीच्या आक्रमणापासून फ्रेंचचे रक्षण करणे हा त्याचा हेतू सांगितला होता. इंग्रजीसाठी उगारलेली ही काठी ब्रेटनच्या पाठीवर पडली. त्यावेळी राष्ट्राध्यक्षपदी होते समाजवादी मितराँ. १९८१च्या निवडणुकीत प्रादेशिक भाषांना शाळेत स्थान देण्याचे आश्वासन देणारे तेच. डाव्यांनी ही गोष्ट विसरून चालणार नाही.

एकभाषावाद्यांचा युक्तिवाद तसा जुनाच आहे. फ्रेंचमुळे कोळ्याच्या नि शेतकऱ्याच्या मुलाला नोकरीची दारे उघडली. आईबापांनी ब्रेटन आपखुशीने सोडली. भाषांचे लाड केले तर राष्ट्राची शकले होतील. फ्रेंचने दारे उघडली, हे मान्य केलेच पाहिजे. पण दारातून आत येण्यासाठी आपली जीभ उंबरठ्याबाहेर ठेवावी लागली, ती श्रमिकांच्याच मुलांना. पॅरिसच्या वकिलाच्या मुलाला अशी किंमत कधी मोजावी लागली नाही. गळ्यातल्या जोड्याची आठवण घेऊन वाढलेल्या आईबापांनी केलेली निवड आपखुशीची कशी म्हणावी? राहिला फुटीरतेचा बागुलबुवा. ब्रेटनची सख्खी बहीण असलेली वेल्श ब्रिटनमध्ये सरकारी शाळांचे माध्यम आहे, वेल्समध्ये तिला अधिकृत दर्जा आहे. त्यामुळे ब्रिटनची शकले झालेली नाहीत.

मुळात ब्रेटन माध्यमाच्या शाळेतले मूल फ्रेंचला मुकत नाही. रस्ता, बाजार, दूरचित्रवाणी, कचेरी सारे फ्रेंचमध्येच चालते. ब्रेटनला मात्र आज शाळेवाचून आसरा नाही, कारण घराघरांतून तिची परंपरा तुटली आहे. १९७७पासून पालकांच्या पदरमोडीने उभ्या राहिलेल्या 'दीवान' शाळा हेच सिद्ध करतात. डिसेंबर २०२१च्या सरकारी परिपत्रकाने या माध्यमाला थोडी मोकळीक दिली खरी. पण एका मंत्र्याने दिलेले परिपत्रक दुसरा मंत्री मागे घेऊ शकतो. हक्क असा मेहेरबानीवर जगत नसतो.

घटनेच्या कलम ७५-१मध्ये २००८पासून प्रादेशिक भाषांना फ्रान्सचा वारसा म्हटले आहे. वारसा म्हणून गौरवायचे आणि वारसांच्या तोंडी येऊ द्यायचे नाही, हे ढोंग आता पुरे झाले. कलम २मध्ये दुरुस्ती करून मोलाक यांची मूळ तरतूद कायद्यात परत आणणे, हाच प्रामाणिक मार्ग आहे. सर्वांना एकाच भाषेत गप्प बसवणाऱ्या व्यवस्थेला समता म्हणत नाहीत.