बाळाचा मोजा आणि विद्यार्थ्यांची कंपनी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले हल्ली घरी येऊन सांगतात, नोकरी नको, आम्ही चौघे मिळून स्टार्टअप काढतो. त्यातही मनगटावर बांधायच्या आरोग्याच्या पट्ट्याची कल्पना हमखास निघते. नाडी मोजणारा सेन्सर आता स्वस्तात मिळतो आणि मोबाइलचे ॲप होस्टेलच्या खोलीत बसून तयार करता येते. अम्मी-अब्बांना मात्र प्रश्न पडतो, हा धंदा आहे की खेळ? अशा घरांसाठी या वेळी एका विद्यार्थी कंपनीची हकिकत देत आहे.

अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो शहरी ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. २०१२च्या सुमारास तिथल्या काही विद्यार्थ्यांच्या डोक्यात आले की, रुग्णालयात पेशंटच्या बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरची वायर काढून टाकावी. नर्सना कल्पना एकदम पसंत पडली, कारण वायर सारखी अडकते आणि निघते. पण रुग्णालयाची तिजोरी ज्यांच्या हातात, त्यांनी नकार दिला. वायरचे यंत्र चालते आहे, मग जास्त पैसे कशाला मोजायचे? मुलांनी हट्ट धरला नाही, गिऱ्हाईक बदलले. रात्री तीन-तीन वेळा उठून पाळण्यातल्या बाळाचा श्वास चालू आहे ना, हे पाहणारे आईबाप त्यांना दिसले. ऑक्सिमीटर बाळाच्या मोज्यात जाऊन बसला. कंपनीचे नाव ठेवले आउलेट.

ऑक्सिमीटरचे तंत्र साधे आहे. कातडीतून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, असे दोन प्रकाश सोडतात. प्राणवायू भरलेले रक्त एक प्रकाश जास्त शोषते, प्राणवायू कमी असलेले रक्त दुसरा. त्या फरकावरून आकडा निघतो. आपण सगळ्यांनी कोरोनाच्या काळात हे डबीएवढे यंत्र घरोघरी पाहिले आहे. अडचण हलण्याची असते. बाळ पाय झाडते, मोजा सरकतो आणि आकडा चुकतो.

मोजा खूप खपला. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी ३० बाळांवर असे दोन घरगुती मॉनिटर तपासले. आउलेटच्या मोज्याने प्राणवायू घटल्याचे पकडले, पण त्यात सातत्य नव्हते. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राने तर एकदाही पकडले नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला आहे की, झोपेतला अचानक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून अशा यंत्रांवर विसंबू नका. बाळाला पाठीवर, घट्ट सपाट गादीवर झोपवा. जवळ उशी-दुलई नको.

मग ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, इशारापत्र आले. मुद्दा नेमका होता. नाडी आणि प्राणवायू मोजून धोक्याची सूचना देणारी वस्तू वैद्यकीय उपकरण ठरते आणि त्याची मंजुरी तुम्ही घेतलेली नाही. कंपनीला तो मोजा अमेरिकेत विकणे थांबवावे लागले. पुढे चाचण्या झाल्या, कागदपत्रे झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये १ ते १८ महिन्यांच्या निरोगी बाळांसाठी मंजुरी मिळाली. कल्पना सुचल्यापासून अकरा वर्षे गेली.

हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्येच सुरू केलेल्या व्हूप या कंपनीचेही तेच झाले. विल अहमद हा तिथल्या स्क्वॉश संघाचा कप्तान. खेळाडू गरजेपेक्षा जास्त सराव करून शरीर थकवतात, ते आधी कळावे म्हणून त्याने सोबत्यांना घेऊन पडदा नसलेला पट्टा बनवला. झोप आणि थकवा सांगेपर्यंत कोणाची हरकत नव्हती. पट्टा रक्तदाबाचा अंदाज सांगू लागला आणि जुलै २०२५ मध्ये एफडीएचे पत्र दारात आले. हे तर केवळ तंदुरुस्तीचे साधन, असे कंपनीचे म्हणणे होते.

माझ्या मते यंत्र बनवणे हा यातला सोपा भाग आहे. खोक्यावर छापलेले एक वाक्य जड असते. ‘पावले मोजतो’ लिहिले तर एक गोष्ट, ‘रक्तदाब सांगतो’ लिहिले की पुरावा द्यावा लागतो. आपल्याकडेही तसाच कायदा आहे. १ एप्रिल २०२० पासून रोगाचे निदान किंवा देखरेख करणारी उपकरणे, त्यांचे सॉफ्टवेअरसुद्धा, औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. धोक्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग पाडले आहेत. ज्या मुलांना हे माहीत नसते त्यांचे भांडवल पहिल्याच वर्षी अडकते.

खर्चाची सोय अगदीच नाही असे नाही. केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेच्या ‘बिग’ योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळते. मुंबईच्या आयआयटीत २०१४ पासून बेटिक हे केंद्र आहे. नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी त्याला जोडलेले आहेत. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकाच टेबलावर बसतात. घरच्यांनी मुलाला पहिला प्रश्न हाच विचारावा, तुमच्यात डॉक्टर कोण आहे?

काम तर पुष्कळ पडले आहे. डिसेंबर २०२०मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत प्राणवायू ८८च्या खाली निघणारे रुग्ण गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के होते, तर कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के. गडद कातडीतले रंगद्रव्य प्रकाश शोषते. आपल्या सावळ्या हातांवर, शेतात राबून रापलेल्या मनगटांवर, दादीच्या थंड आणि सुरकुतलेल्या बोटांवर हे पट्टे किती खरे बोलतात, हे तपासायला इथल्या विद्यार्थ्यांइतकी सोयीची जागा कोणाला मिळणार? मात्र घरच्या चार हातांवर करून पाहिले म्हणजे चाचणी झाली असे होत नाही. माणसांवरच्या चाचणीला नैतिकता समितीची परवानगी लागते.

ईदच्या आसपास घरात कोणी आजारी असेल तर आणखी एक लक्षात असू द्या. नेलपॉलिश किंवा काळी मेंदी लावलेल्या बोटावर ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. बिनमेंदीचे बोट निवडा, हात गरम करा, मिनिटभर स्थिर धरा. आणि बाळाच्या बाबतीत मोजा काहीही दाखवो, ते दूध पीत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोबाइल बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.