बॅनरवरचे चुकलेले नाव

आमच्या मालवणच्या घरात पडवीतल्या खुंटीला एक ट्रान्झिस्टर टांगलेला असे. चामड्याच्या पिशवीतला, सेलचे झाकण तुटल्यामुळे रबरबँडने आवळलेला. दिवसा त्यावर समुद्राचे हवामान ऐकायचे आणि रात्री जेवणे आटोपली की नाटक. सत्तरच्या दशकात विविध भारतीवर ‘इन्स्पेक्टर ईगल’ लागले की बाबा आम्हां पोरांना चुळबुळ करू देत नसत. नभोनाट्यात चोराचे तोंड दिसत नाही, म्हणून कान उघडे ठेवायचे, असे ते सांगत. दार करकरले, कोणी घसा खाकरला, त्यावरून माणूस ओळखायचा. ‘बोलताना तो खंयतरी चुकतलोच,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. आणि तो खरोखरच चुकायचा.

बाबा गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर चार दिवसांनी गेले. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या भाच्याने मोबाइलवर श्रद्धांजलीचा बॅनर तयार केला. फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा, वाडीचे नाव, दहावे-बारावे कधी आणि कुठे, खाली ‘शोकाकुल परिवार’ आणि संपर्कासाठी आमच्या घरचा नंबर. तासाभरात तो गावातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. त्यात आजोबांचे नाव चुकले होते. विठोबाचे विठ्ठल झाले होते. त्या गडबडीत कोणी काही बोलले नाही.

पुढचे मला शिमग्याच्या सुमारास कळले. आईचे पासबुक भरून आणले, तर त्यात साडेनऊ हजार रुपये कोणा अनोळखी खात्यावर गेलेले. विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग बाबांचा चष्मा ठेवलेला पत्र्याचा डबा उघडून तिने चार घड्या घातलेली बँकेची स्लिप माझ्या हातात दिली. नवव्या दिवशी फोन आला होता. विमा ऑफिसातून बोलतो म्हणाला. यजमानांच्या पॉलिसीचा शेवटचा हप्ता राहिलाय, तो भरला की दीड लाख बोनस मिळेल, नाहीतर त्यांनी इतकी वर्षे भरलेले सगळे बुडेल. तेरावे झाल्यावर आई एकटी बँकेत गेली आणि पैसे भरून आली.

‘तेंचा काम अर्धा रवाक नको म्हणान भरलंय. तुका सांगाक लाज वाटली.’

त्याने बाबांचे नाव कसे घेतले, ते मी विचारले. आईने सांगितले तसेच लिहितो: मधले नाव त्याने ‘विठ्ठल’ घेतले. रेशनकार्ड, सातबारा, बँक, विमा, आमच्या घरच्या प्रत्येक कागदावर विठोबा आहे. विठ्ठल फक्त त्या बॅनरवर होते. पडवीत बाबा बसलेले असते, तर पहिल्याच वाक्याला त्यांनी त्याला धरला असता.

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. यंदा या दिवाळी अंकात रहस्यकथांचा विभाग घेतला आणि त्यात एक नभोनाट्य मुद्दाम छापले, त्याचे मूळ तिथेच आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा रुजवणाऱ्या का. र. मित्रांचे मूळ आडनाव आजगावकर, आणि आजगाव आपल्याच सावंतवाडी तालुक्यातले. वाचकाचे मन रमवावे आणि त्याला शहाणेही करावे, हा त्यांच्यापासून आलेला वसा आहे, असे मी मानतो.

मृत्यूच्या बातम्या वाचून दारात येणारा भामटा जुना आहे. १९७३ सालच्या ‘पेपर मून’ या अमेरिकी चित्रपटाचा नायक मंदीच्या काळात कॅन्ससमध्ये गावोगाव फिरतो. वर्तमानपत्रात कोणाचा नवरा गेला ते पाहतो, बायबलवर त्या विधवेचे नाव सोनेरी अक्षरांत उमटवतो आणि दारात जाऊन सांगतो, तुमच्या यजमानांनी हे तुमच्यासाठीच मागवले होते, थोडे पैसे द्यायचे राहिलेत. बाई रडत रडत पैसे देते. १९४९ साली सुरू झालेल्या ‘ड्रॅगनेट’ या रेडिओमालिकेत तर लॉस एंजेलिस पोलिसांच्या दप्तरातली खरी प्रकरणे नावे तेवढी बदलून सादर होत. तिथल्या नाटककारांना भामटे कल्पनेतून काढावे लागले नाहीत.

अशा फसवणुकीला आपण सरळ ‘लोभ नडला’ म्हणून मोकळे होतो, आणि ते मला मान्य नाही. माझ्या आईला दीड लाखाचा मोह नव्हता. तिला ऐकू आले ते एवढेच, की यांचे काहीतरी अर्धवट राहिले आहे. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा सगळे घर हात जोडून ‘तुमची इच्छा पुरी करू’ म्हणते ना, तेच मन फोन उचलत असते. भामटा विकतो तो बोनस नव्हे. गेलेल्या माणसासाठी अजून काही करता येईल, ही आशा तो विकतो. म्हणून शहाणी, हिशेबी, पै-पै जपणारी माणसेही त्याला सापडतात.

आपल्या किनाऱ्यावर याचे आणखी एक रूप आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले, त्यात कोकणातले कितीतरी खलाशी परत आले नाहीत. समुद्रात गेलेल्याचा देह मिळत नाही आणि कायद्याने मृत्यू गृहीत धरायला साधारण सात वर्षे जावी लागतात. ती सात वर्षे बायकोने कुंकू लावावे की पुसावे, हेही ठरत नाही. अशा घरात देवस्की करणारा येतो आणि म्हणतो, माणूस जिवंत आहे, पश्चिमेला आहे, एक कोंबडा आणि पाच हजार द्या, वाट मोकळी करतो. देवळात गाऱ्हाणे घालणे ही आपली श्रद्धा आहे, तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण दैवी शक्तीचा दावा करून फसवणाऱ्याला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्या कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकरांनी अनेक वर्षे झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारने अध्यादेश काढला.

जादूगार हुदिनीची कथा इथे आठवते. आई गेल्यावर तिचा एक शब्द ऐकण्यासाठी तो तळमळत होता. १९२२ साली कॉनन डॉईल यांच्या पत्नीने परलोकातून त्याच्या आईचे म्हणून पानेच्या पाने पत्र लिहून दिले. पत्र चांगल्या इंग्रजीत होते आणि वर क्रूस काढलेला होता. हुदिनीची आई ज्यू धर्मगुरूची बायको, तिला इंग्रजी धड येत नव्हते. ते लिहिणाऱ्या बाईंचा हेतू फसवण्याचा नसेलही, पण मुलाने आईची भाषा ओळखली. पुढची काही वर्षे त्याने पैसे घेऊन मृतांशी बोलणाऱ्यांचे बिंग फोडण्यात घालवली. आमच्याकडे विठोबाचा विठ्ठल झाला, त्याच्याकडे आईची भाषा बदलली. बाबा म्हणायचे तेच खरे, बोलताना तो कुठेतरी चुकतोच. पण ती चूक ऐकायला घरात शांत डोक्याचे माणूस हवे. कोरोनाच्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये बारामती पोलिसांनी पकडलेल्या टोळीने रेमडेसिविरच्या रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉल भरून विकले, तेव्हा विकत घेणाऱ्यांकडे बाटली उलटसुलट करून पाहायला ना वेळ होता, ना तसे मन.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की खोट्या पैशांपायी घर पैसे भरते आणि हक्काचे पैसे तसेच पडून राहतात. गेलेल्या माणसाचे पासबुक इन्स्पेक्टरच्या नजरेने वाचा. वर्षातून एकदा ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर तो बहुधा जीवनज्योती विमा आहे, वारसाला दोन लाख मिळतात. २० रुपये दिसले तर अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचा विमा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार आहेत, अर्ज तहसीलदारांकडे करायचा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत केली की दाखल्याची पहिली प्रत फुकट मिळते. कागद पुरे असतील तर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. यातल्या कशासाठीही कोणी आधी तुमच्याकडून पैसे मागत नाही. मागितले, की समजा. आणि गेले असतील तर लाज न धरता त्याच घटकेला १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी कळवले तर ते अडवता येतात. आईने तीन महिने तोंड उघडले नाही, म्हणून आमचे अडवता आले नाहीत.

आणि श्रद्धांजलीच्या बॅनरवर घरचा नंबर टाकू नका. टाकायचाच तर खंबीर असेल अशा पुतण्याचा, भाच्याचा टाका.

पूर्वी बारा दिवस पडवी भरलेली असे. भजनी मंडळी, भाऊबंद, शेजारी. अनोळखी माणूस आत यायचा तर आधी चार जण त्याला विचारायचे, ‘खंयचे तुमी? कोणाकडे इल्यात?’ आता चाकरमानी तिसऱ्या दिवशी परतीची गाडी पकडतात, आणि पाचव्या दिवसापासून घरात एक म्हातारी आणि एक मोबाइल उरतो.

यंदा चावदिशीला तुमच्या वाडीतही एखादे घर असेल, जिथे कारेटे फोडले जाणार नाही आणि पोहे होणार नाहीत. रीतीप्रमाणे तुम्ही तिथे फराळाचे ताट पोचवालच. ते ठेवून लगेच निघू नका. अर्धा तास बसा, गेलेल्या माणसाबद्दल बोला, आणि उठण्यापूर्वी एवढे विचारा: काकी, कोणाचा फोन वगैरे इल्लो काय?